भाऊजी निघतात

भाऊजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते निघत होते. न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर एक पाय, रस्त्यावर एक पाय, हातात पिशवी आणि तोंडाने “बरं, येतो मी.” मी पुढे पोस्टात गेलो, रांगेत उभा राहिलो, पार्सलवरच्या पत्त्यावरून तिथल्या बाईंशी वाद घातला, तो हरलो आणि परत आलो, तरी ते निघतच होते. फक्त पाय बदलले होते. आतल्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला साबण लावून वाट बघत होतं आणि तो साबण वाळला होता.

निघणं ही तुमच्याआमच्यासाठी एक क्रिया असते. भाऊजींसाठी तो मुक्काम होता. “येतो” म्हटल्यावर त्यांना काहीतरी आठवायचं. आठवलेलं सांगून झालं की समोरच्याला काहीतरी आठवायचं. मग ते ऐकून घेणं आलं. यात कुणाची निंदानालस्ती नसायची, चहाची आशा नसायची. माणसाकडे पाठ करून चालू लागलं की मागे राहणाऱ्याला वाईट वाटतं, एवढी एकच समजूत त्यांच्या डोक्यात लहानपणापासून पक्की बसली होती, आणि जगात कुणालाही वाईट वाटू नये म्हणून ते उंबरठ्यांवर उभे राहत आले होते.

नोकरी त्यांनी वीज कंपनीत केली. घरोघरी जाऊन मीटर वाचायचे. म्हणजे या माणसाला नशिबाने असं काम दिलं, की ज्यात दिवसभर फक्त निघायचंच असतं. गल्लीच्या एका टोकाला ते सकाळी शिरत आणि दुसऱ्या टोकाच्या लोकांना त्यांचं दर्शन पुढच्या आठवड्यात होई. शेवटी साहेबांनी त्यांना बिल भरायच्या खिडकीवर बसवलं. लोक येतील आणि आपले आपण जातील, असा साहेबांचा हिशेब होता. झालं उलटंच. लोकांनाच निघता येईना. रांग फाटकाबाहेर गेली. भाऊजी निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम किती वेळ चालला असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

भाऊजी हे नाव त्यांच्या बायकोमुळे पडलं. बायको म्हणजे ताई. ताईंचं कुत्र्यांचं पाळणाघर आहे, त्यालाच जोडून शिकवणी. सगळे त्यांना ताई म्हणत, म्हणून ताईंचे यजमान सगळ्यांचे भाऊजी. काठी टेकत येणाऱ्या आजीबाईसुद्धा त्यांना भाऊजी म्हणायच्या आणि ते लाजायचे.

पाळणाघराची जागा म्हणजे मूळचं मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज. अजूनही ऊन तापलं की फरशीतून जुन्या ऑइलचा वास येतो. मेकॅनिक ज्या खड्ड्यात उतरून गाडीच्या पोटाखाली काम करायचे, त्यावर फळ्या टाकल्या आहेत आणि एका कोपऱ्यातली फळी मुद्दाम काढून ठेवली आहे. त्या भोकातून ‘दादासाहेब’ नावाचं एक वासराएवढं कुत्रं खाली जाऊन बसतं. त्याच्या समोर अख्खा बैल आणून उभा केला तरी ते हलणार नाही, पण प्लास्टिकची पिशवी वाऱ्यावर सरसरली की दादासाहेब भूमिगत. ‘मेमसाब’ नावाची एक कुरळ्या केसांची कुत्री आहे, ती कुणी रागावलं की लंगडते. अडचण एवढीच, की कोणत्या पायाने लंगडायचं हे तिच्या लक्षात राहत नाही. आमचा खडूही तिथलाच विद्यार्थी. पांढरा, लहानखुरा आणि पडद्यांचा शत्रू. आमच्या घरातला शेवटचा पडदा गेला तेव्हा आमच्या हिने, एक तर हा तरी शिकेल नाहीतर मी तरी माहेरी जाईन, असं शांतपणे सांगितलं होतं.

ताईंचा पहिला नियम म्हणजे शब्द एकदाच. “बस” एकदा म्हणायचं आणि थांबायचं. मी पहिल्या दिवशी खडूला माझ्या पद्धतीने बस बस बस अरे बस ना, असं सांगितलं. ताई म्हणाल्या, “याला तुम्ही ‘बस’ शिकवलेलंच नाही. याला वाटतं, बसायच्या आधी एवढं भाषण असतं.” दुसरा नियम सकाळच्या फाटकाचा. मालकाने पट्टा हातात द्यायचा, वळायचं, चालू लागायचं. मुके नाहीत, मागे बघणं नाही, “शहाण्यासारखा राहा हं सोन्या” नाही. तुम्ही रडकं तोंड केलं की कुत्र्याला वाटतं, काहीतरी भयंकर होणार आहे, आपणही रडलेलं बरं.

आणि या फाटकातच दिवसभर भाऊजी उभे असत. पट्टा देऊन वळलेल्या मालकाला ते गुडघेदुखीबद्दल विचारत. मालक थांबे. त्याचा आवाज ऐकून आत त्याचं कुत्रं उभं राही. ते उभं राहिलं म्हणून दुसरं, दुसरं भुंकलं म्हणून तिसरं, आणि शेवटी काहीच माहीत नसलेले दादासाहेब खबरदारी म्हणून खड्ड्यात. त्यामुळे ताईंना सगळ्यात अवघड विद्यार्थी कोणता असं कुणी विचारलं, की त्या फाटकाकडे बघायच्या.

आता इंटरव्हलची गोष्ट. आमच्या डोक्यावरच्या घरात तिकीटवाल्या मावशी राहतात. सिनेमा थिएटरच्या तिकीट खिडकीत बसायची त्यांची नोकरी. काचेला एक गोल भोक, भोकातून हात येतो, हाताला तिकीट द्यायचं. वर्षानुवर्षं लोकांनी त्यांचे हातच पाहिले आहेत. एका मध्यंतरात थिएटरच्या मागच्या बाजूला, खोक्यांच्या ढिगात त्यांना एक पिल्लू सापडलं. म्हणून त्याचं नाव इंटरव्हल. मावशी एकट्याच. त्यांच्याकडे तोंड वर करून टक लावून बघणारं असं त्यांच्या आयुष्यात एवढं एकच कुणी होतं, आणि मावशी त्याच्यावर जीव टाकायच्या.

इंटरव्हल वाढला आणि चांगला दणकट झाला. मावशी घरात असल्या की तो आहे हेही कळायचं नाही. पण त्या एकट्या बाहेर पडल्या की तो सूर लावायचा. आधी प्रश्न विचारल्यासारखा एक लहान आवाज, मग त्या प्रश्नाचं फार वाईट उत्तर मिळाल्यासारखा एक लांबलचक. आमच्या दिव्याची काच थरथरायची. इतर दिवशी मी त्याला खडूबरोबर पाळणाघरात नेऊन सोडायचो, पण रविवारी पाळणाघर बंद आणि थिएटर तुडुंब. रविवारी आम्ही त्याला आमच्याकडे आणून पाहिलं. तो आमच्या दारात वर तोंड करून रडला आणि खडूने त्याला साथ दिली. एकाचे दोन झाले.

मावशींच्या समोरच आमच्या सोसायटीचे चेअरमन राहतात. चेअरमन आठवडाभर सोसायटीची काळजी वाहतात आणि रविवारी दुपारी झोपतात. त्या झोपेसाठी ते जगतात असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी कमिटीपुढे विषय ठेवला आणि मावशींना मुदत मिळाली. तेवढ्यात कुत्रा गप्प झाला तर ठीक, नाहीतर त्याला हलवायचं. हलवायचं म्हणजे मावशींच्या भावाकडे. त्या भावाच्या गोदामात आधीच एक कुत्रा होता, साखळीला बांधलेला. त्या साखळीच्या लांबीएवढंच त्याचं जग. मावशी त्याबद्दल बोलायच्या नाहीत, पण तेव्हापासून त्या इंटरव्हलच्या गळ्यातला पट्टा एक भोक सैल बांधायला लागल्या.

मावशी ताईंकडे गेल्या. ताई म्हणाल्या, करू.

एकटं राहायला न येणाऱ्या कुत्र्यांसाठी पाळणाघरात एक घरखोली आहे. गॅरेजच्या मालकाची जुनी केबिनच ती, पण आत सोफा, पडदा, रेडिओ, दाराला घंटी, सगळं घरच्यासारखं. कुत्र्याबरोबर तिथे एक माणूस बसतो. मग उठतो, किल्ल्या घेतो, चपला घालतो, बाहेर जातो आणि कुत्र्याला काळजी वाटायच्या आत परत येतो. आधी डोळा मिचकावण्याएवढा वेळ, मग चहाच्या घोटाएवढा, मग कपाएवढा, मग पेपर वाचून होईपर्यंत. असं वाढवत न्यायचं. काम सोपं, पण कंटाळवाणं, आणि ताईंच्या हाताखालच्या बायकांना एवढी सवड नव्हती. पाळणाघरात रिकामा माणूस एकच होता आणि तो फाटकात उभा राहून नुकसान करत होता. ताईंनी त्याला उचललं आणि घरखोलीत बसवलं, शिकवणी संपेपर्यंत रविवारीसुद्धा.

पहिल्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. भाऊजी उठले. किल्ल्या घेतल्या. दारापर्यंत छान गेले. तिथे वळले आणि सोफ्यावरच्या इंटरव्हलला म्हणाले, “बरं, येतो मी. लगेच येतो हं. म्हणजे तू असं समजू नकोस की…”

एवढी प्रस्तावना ऐकून कुणीही घाबरेल. इंटरव्हल उभा राहिला आणि त्याने तोंड वर केलं. भाऊजी निघायच्या आधीच परत आले.

ताईंनी खिडकीतून विचारलं, “अहो, तुम्ही निघताय की निरोप समारंभ करताय?”

“त्याला वाईट वाटेल गं.”

“तो तुम्हाला ओळखतसुद्धा नाही.”

“म्हणून तर,” भाऊजी म्हणाले. “ओळखीचा माणूस न सांगता गेला तर चालतं. अनोळखी माणसाने असं करणं बरं दिसतं का?”

 शब्द एकदाच, हा नियम ताई घरातही पाळतात. त्यांनी फक्त घरखोलीच्या दाराबाहेर एक स्टूल आणून ठेवलं. भाऊजी न बोलता बाहेर आले की स्टुलावर वाफाळता चहा असायचा. बोलून आले की स्टूल रिकामं. भाऊजींना हे कुणी सांगितलं नाही, आणि त्यांच्या ते कधी लक्षातही आलं नाही. पण मी डोळ्यांनी पाहिलं आहे, खडूला जसं बिस्किटावर बसायला शिकवलं तसंच ताईंनी भाऊजींना चहावर निघायला शिकवलं. खडूपेक्षा जरा जास्त वेळ लागला इतकंच.

पण जमलं. आणि असं जमलं की बघत राहावं. भाऊजी पेपर मिटत, उठत, किल्ल्यांचा आवाज होऊ न देता किल्ल्या घेत, चपलांत पाय असे सरकवत की चपलाच पायाखाली आल्या असं वाटावं, आणि दार ओढलं जाई. ओढलं जाई म्हणजे ते ओढत असावेत, पण दिसायचं नाही. भर बैठकीतून मांजर उठून जातं तसे ते जात. इंटरव्हल एक पापणी वर करी, भाऊजीच आहेत हे बघून खाली टाकी. पेपराच्या पुढे मजल गेली. भाऊजी बाजारात जाऊन येत, दाढी करून येत, इंटरव्हल सोफ्यावर पाय वर करून पडलेला. खोलीबाहेर मात्र भाऊजींचं सगळं पहिल्यासारखंच होतं. न्हाव्याच्या गिऱ्हाइकांचा साबण वाळायचा तो वाळतच होता. माणसांना सोडून जाणं त्यांना अजूनही जमत नव्हतं.

ताईंचा आनंद काही विचारू नका. लग्नाला इतकी वर्षं झाली, प्रत्येक समारंभातून शेवटून पहिल्या त्याच निघत आल्या होत्या, हातात पर्स घेऊन दारात ताटकळत. तो माणूस मान खाली घालून निमूट निघतोय हे बघायला त्या दिवसातून अनेकदा खिडकीशी येऊन उभ्या राहायच्या. येणाऱ्याजाणाऱ्यालाही दाखवायच्या. शेवटी त्यांनी मावशींना सांगून टाकलं, “तुमचा इंटरव्हल तयार झाला.”

रविवारी मावशी सांगितल्याप्रमाणे काही न बोलता निघाल्या. आम्ही खाली कान देऊन बसलो होतो. मावशी फाटकापर्यंत पोचायच्या आत वरून तो लहान प्रश्न आला. त्यामागून उत्तर आलं. महिन्याभराच्या विश्रांतीने त्याचा गळा चांगलाच खुलला होता. दिव्याची काच थरथरली, खडूने साथ दिली, आणि वरच्या जिन्यात गालावर उशीची घडी उमटलेले चेअरमन प्रकट झाले.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर जायच्या आधी इंटरव्हलला घेऊन पाळणाघरात आल्या. ताईंचा विश्वास बसेना. त्यांनी दोघांना घरखोलीत पाठवलं. भाऊजी निघाले. पापणी वर, पापणी खाली. मग मावशी निघाल्या, आणि सगळं गॅरेज दणाणलं. दादासाहेब खड्ड्यात गेले.

ताई एका पालथ्या बादलीवर बसल्या. मालकाने सराव केल्याशिवाय कुत्रं घरी पाठवायचं नाही, हे त्या स्वतः प्रत्येकाला बजावून सांगतात. मावशींना कामामुळे दिवसा येता आलं नव्हतं आणि ताईंनीही त्यांना बोलावलं नव्हतं. नवरा शिकला या आनंदात कुत्रा कुणाचा आहे हेच त्या विसरल्या होत्या.

“मी याला एकटं राहायला शिकवलंच नाही,” त्या भाऊजींना म्हणाल्या. “मी याला तुमच्यावाचून राहायला शिकवलं.”

भाऊजींच्या मनाला ते लागलं. ते इंटरव्हलकडे बघून म्हणाले, “म्हणजे मी गेलो तर कुणाला काही वाटत नाही, एवढंच तो शिकला.”

“बरं शिकला,” ताई म्हणाल्या. “तुम्हीपण शिका.”

कमिटीचा निरोप तोपर्यंत आला होता. येत्या रविवारी कमिटी स्वतः जिन्यात बसून ऐकणार. घराला कुलूप आणि आत कुत्रा गप्प असेल तर विषय संपला. नसेल तर त्याच संध्याकाळी भावाला फोन करायचा. मावशींना घेऊन सगळं पहिल्यापासून शिकवायचं तर महिने हवेत, हातात आठवडा होता.

मार्ग ताईंनीच काढला. मावशींनी आधी निघायचं, तेव्हा भाऊजी सोफ्यावर पेपर वाचत असतील. सोबत भाऊजी असले की इंटरव्हल रडत नाही. मग जरा वेळाने भाऊजी निघतील, आणि ते निघाले तर त्याला काहीच वाटत नाही. मावशींना खरं निघायला शिकवायचं काम नंतर सावकाश. ही लबाडी तर होत नाही ना, असं मी विचारलं. ताई म्हणाल्या, कमिटीला कुत्रा गप्प हवाय, दार कुणी ओढायचं हे कमिटीने ठरवलेलं नाही.

एवढं सोपं होतं, मध्ये जिना नसता तर. कारण जिन्यात कमिटी बसणार. म्हणजे चेअरमन, चेअरमनबाई, खजिनदार आणि पहिल्या मजल्यावरचे आजोबा, सगळे भाऊजींना ओळखणारे, खुर्च्या टाकून, रिकामे. आणि दाराबाहेर भाऊजींचा आवाज आला, की माणूस गेलेला नाही, दारातच आहे, हे इंटरव्हलला कळणार. मग तो दाराशी येणार आणि मग सूर लावणार. म्हणजे मावशींच्या दारापासून फाटकापर्यंत भाऊजींनी तोंडातून शब्द काढायचा नाही.

ताईंनी सराव घेतला. आम्हा गिऱ्हाइकांना गॅरेजच्या पायऱ्यांवर बसवलं आणि भाऊजींना आमच्यामधून जायला लावलं. मेमसाबच्या मालकीणबाईंनी गुडघा कसा आहे विचारलं. भाऊजींनी गुडघा सांगितला, मग दुसराही सांगितला. दुसऱ्यांदा न्हाव्याला बसवलं. भाऊजी त्याच्या शेजारीच बसले. मी काहीच विचारलं नाही, नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तर ते थांबून म्हणाले, “का हो, चेहरा का उतरलाय?” शनिवार संपला तरी ते त्या पायऱ्यांवरून एकदाही गप्प उतरले नव्हते. मावशी कोपऱ्यात उभ्या राहून हे बघत होत्या.  जाताना इंटरव्हलचा पट्टा त्यांनी आणखी एक भोक सैल केला.

रविवार उजाडला. जेवणं झाली तशा खुर्च्या जिन्यात आल्या. वरच्या चौकात चेअरमन, मांडीवर घड्याळ. त्यांच्याशेजारी चेअरमनबाई, कमिटी बसणार तर चहा हवा म्हणून ट्रे घेऊन. मधल्या चौकात, म्हणजे आमच्या दारासमोर, खजिनदार. आणि अगदी खाली पहिल्या मजल्यावरचे आजोबा. आजोबांना कानाचं यंत्र लावल्याशिवाय ऐकू येत नाही आणि दुपारी ते यंत्र काढून ठेवतात, तरीही ऐकण्याच्या कामासाठी त्यांना नेमलं होतं, कारण ते कमिटीत सगळ्यात जुने.

मावशी निघाल्या. कुणाकडे न बघता, पर्स छातीशी धरून जिना उतरल्या. त्या दिवशी त्यांनी खिडकीतून लोकांना कुठल्या कुठे बसवलं म्हणतात. नवराबायकोंना वेगवेगळ्या रांगांत आणि अनोळखी माणसांना एकत्र.

आम्ही आमच्या दाराच्या फटीतून बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग वरचं दार उघडलं आणि ओढलं गेलं. आवाज आला नाही. भाऊजी जिन्याच्या तोंडाशी उभे होते, चेहरा कागदासारखा कोरा करून.

“या भाऊजी,” चेअरमन अगत्याने म्हणाले. “बसा की जरा.”

भाऊजी एक पायरी उतरले. चेअरमनबाईंनी ट्रे पुढे केला. त्या ट्रेवर वाफाळता कप होता, आणि ताईंनी इतके दिवस काय शिकवलं होतं ते मला आठवलं. तो कप आपलाच समजून ते बसले तर संपलं. भाऊजींनी कपाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, हात जोडले आणि ते खाली सरकले. चेअरमन बायकोला म्हणाले, “बघ, साधं बोलायची पद्धत नाही.” खजिनदारांनी नुसती मान हलवली. त्यावर मान हलवून भाऊजी आमच्या दारासमोरून गेले. कपाळ घामाने चमकत होतं. आमची ही माझ्या कानात म्हणाली, “गेले की हो.”

तेवढ्यात खालून आजोबांचा आवाज आला. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा, अख्ख्या इमारतीला पुरेल एवढा.

“मीटरवाले ना तुम्ही? आमच्याकडे यायचात. आमची ही तुमची वाट बघायची. शेवटी अंथरुणावर होती तरी विचारायची, मीटरवाले का आले नाहीत. बाकी सगळे दारातून घाईने जायचे. तुम्ही तेवढे थांबायचात.”

भाऊजींचा पाय पायरीच्या वर हवेतच राहिला.  भाऊजींचं तोंड उघडलं. सगळं आयुष्य ज्या दारांत ते उभे राहिले, त्यातलंच एक दार आज त्यांना बोलावत होतं, आणि आठवण्यासारखं त्यांच्याकडेही खूप असणार.

वरच्या दारामागे फरशीवर नखं वाजली. टक, टक. मग थांबली.

भाऊजींनी तोंड मिटलं. खाली येऊन त्यांनी आजोबांचा हात दोन्ही हातांत घेतला, चांगला घट्ट दाबला, सोडला, आणि मागे न बघता फाटकाकडे गेले. फाटकाबाहेर ताई उभ्या होत्या, हातात थर्मास. त्यांनी झाकणात चहा ओतला आणि भाऊजींच्या पुढे धरला. भाऊजींनी तो उभ्याउभ्याच घेतला. अर्धा चहा सदऱ्यावर गेला.

वर शांतता. कमिटी बसून राहिली. नखं परत सोफ्याकडे गेली, आणि नंतर त्या घरातून काहीच आलं नाही. पेपर वाचून होईपर्यंत, बाजारात जाऊन येईपर्यंत, दाढी करून येईपर्यंत काहीच नाही. मग एक आवाज आला, खोल आणि लयीतला. खजिनदार उठून कान देऊन वर गेले. चेअरमन खुर्चीत घोरत होते. कानाचं यंत्र नसलेले आजोबा खालून म्हणाले, मला तर काहीच ऐकू येत नाही बुवा, आणि तोच कमिटीचा ठराव समजण्यात आला. इंटरव्हल राहिला.

नंतर बरेच रविवार भाऊजी दुपारी आमच्या इमारतीत येत होते, निघायला. चांगले धुतलेले कपडे घालून यायचे, मावशी गेल्या की जरा बसायचे आणि निघायचे. चेअरमन त्यांच्याशी बोलत नव्हते. उद्धट माणूस म्हणून भाऊजींची आयुष्यात पहिल्यांदाच ख्याती झाली होती, आणि मला वाटतं त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता. इकडे ताईंनी सुट्टीच्या दिवशी मावशींना घरखोलीत बसवून शिकवायला घेतलं. मावशी लवकर शिकल्या. चहाचं स्टूल लागलं नाही.

परवाच्या रविवारी भाऊजी नेहमीसारखे आले, तर वरच्या दाराला कुलूप. मावशी एकट्याच निघून गेल्या होत्या. भाऊजींना सांगायचं त्या उत्साहात विसरल्या. भाऊजींनी दाराला कान लावला. आत कुणीतरी सोफ्यावर कूस बदलल्याचा आवाज आला, बाकी काही नाही. ते तिथे उभे राहिले. हातात पिशवी, पायात चपला, आणि निघायला घरच नाही. मी दारातून बघत होतो. दारापाशी तोंड नेऊन ते काहीतरी म्हणतील असं मला वाटलं. पण ते न बोलता वळले आणि चवड्यांवर जिना उतरले. पहिल्या मजल्यावर थांबले. आजोबांची घंटी वाजवली.

संध्याकाळी खडूला फिरवायला बाहेर पडलो तर आजोबांचं दार उघडं. भाऊजींचा एक पाय उंबरठ्यावर, एक पायरीवर, पिशवी या हातातून त्या हातात. आजोबांनी यंत्र लावलं होतं. “बरं, येतो मी,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांना काहीतरी आठवलं.

फाटकापाशी ताई थर्मास घेऊन उभ्या होत्या. भाऊजींना हाक मारू का, असं मी विचारलं.

“नको,” ताई म्हणाल्या. “वर इंटरव्हल झोपलाय. आणि आजोबांचं अजून संपलं नसेल.”

मग त्यांनी झाकण उघडून चहा स्वतःच घेतला.